बिऱ्हाड न थांबवता हलवायचं : चालत्या कंटेनरच्या स्थलांतराचा इतिहास

मागच्या दोन व्याख्यानांत आपण युनिक्स आणि लिनक्सच्या इतिहासातल्या मोठ्या घटना पाहिल्या. त्या मानानं आजचा विषय अगदी घरगुती वाटेल. एका मशीनवर लिनक्सचा कंटेनर चालू आहे. मशीन जुनं झालं, किंवा भाड्याच्या सर्व्हरची मुदत संपत आली, किंवा डिस्क कुरकुरायला लागली. कंटेनर दुसऱ्या मशीनवर न्यायचा आहे. काय करायचं?

ज्यांनी हे काम केलंय त्यांना उत्तर पाठ असतं. कंटेनर थांबवायचा. त्याच्या डिरेक्टरीची ‘टार’नं एक फाइल बांधायची. ती दुसऱ्या मशीनवर पाठवायची, तिथं सोडायची, आणि कंटेनर सुरू करायचा. झालं. एवढ्यासाठी व्याख्यान कशाला, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. पण या यादीतला पहिलाच शब्द बघा : ‘थांबवायचा’. आज आपण बोलणार आहोत ते या एका शब्दाबद्दल. न थांबवता हलवता येईल का, या प्रश्नावर चाळीसहून अधिक वर्षं माणसं डोकं फोडत आली आहेत आणि त्यात काहींची अख्खी कारकीर्द गेली आहे.

थांबवलं की जातं काय? डिस्कवरच्या फाइली जागच्या जागी राहतात. जातं ते मेमरीतलं. नऊ दिवस चाललेलं एखादं गणित, ज्याचं उत्तर अजून कुठंच लिहिलेलं नाही. दोनशे जणांचे उघडे कनेक्शन. अर्धवट भरलेला फॉर्म. म्हणजे दोन वेगवेगळ्या गोष्टी हलवायच्या असतात. एक सामान, आणि दुसरं, त्या घरात चाललेला संसार. सामान हलवण्याचा इतिहास छोटा आहे, तो आधी उरकून घेऊ. अर्थात, सामान हलवणंही वाटतं तितकं सोपं नाही.

‘टार’ हा शब्द ‘टेप आर्काइव्ह’चा संक्षेप. तो १९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आला, आणि गंमत म्हणजे ‘सीएचरूट’ही त्याच आवृत्तीतला. सीएचरूट म्हणजे एखाद्या प्रोसेसला ‘ही डिरेक्टरी म्हणजेच तुझं अख्खं जग’ असं पटवून देणं. कंटेनरचा तो खापरपणजोबा म्हणायला हरकत नाही. तर जुना टार फाइलचा मालक नोंदवताना फक्त आकडा लिहीत असे : मालक क्रमांक ११२. पुढं १९८८च्या पॉझिक्स प्रमाणकानं टारच्या नोंदीत आकड्याबरोबर मालकाचं नावही लिहायची सोय केली. हेतू चांगला होता. दोन मशीनवर एकाच माणसाचा क्रमांक वेगळा असू शकतो, मग नावावरून ओळखावं.

या चांगल्या हेतूनं आमची एकदा चांगलीच जिरवली. एका छोट्या कार्यालयाचा हिशेबाचा डेटाबेस एलएक्ससी कंटेनरमध्ये होता. आम्ही तो रात्री नव्या मशीनवर नेला, सकाळी डेटाबेस उठेना. कंटेनरच्या आत डेटाबेसचा मालक क्रमांक ११२. पण टार आम्ही चालवला बाहेरून, होस्टवर. आणि त्या होस्टच्या वहीत ११२ म्हणजे छपाईची सेवा. टारनं इमानदारीत छपाईचं नाव लिहिलं. नव्या होस्टवर छपाईचा क्रमांक होता १०७. सगळ्या फाइली १०७च्या नावावर चढल्या, आणि कंटेनरच्या आत १०७ हा कुणी तिसराच. म्हणजे सातबारा दोनदा फिरला आणि जमीन भलत्याच्या नावावर गेली. चूक आमचीच; ‘--न्यूमेरिक-ओनर’ हा पर्याय द्यायचा राहिला होता. तो दिला की टार नावांकडं बघत नाही, आकडे जसेच्या तसे ठेवतो.

हा किस्सा सांगायचं कारण असं की पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली त्यात आहे. फाइली सगळ्या पोचल्या होत्या. एक बाइटही हरवला नव्हता. बिघडलं ते नाव आणि जागा यांचं नातं. जुन्या मशीनच्या वहीत जी नोंद होती ती नव्या मशीनच्या वहीत नव्हती.

‘कंटेनर’ म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं न्हावा शेवाच्या रस्त्यावरचे ट्रेलर येतात. पत्र्याची पेटी, क्रेननं उचलली की दुसऱ्या जहाजावर. लिनक्सचा कंटेनर तसा नसतो, आणि हे नाव तिथं जरा फसवं आहे. पत्र्याच्या पेटीला जहाज माहीत नसतं. लिनक्समध्ये मुळात पेटीच नाही. कर्नेलमध्ये ‘कंटेनर’ नावाची एक वस्तू तुम्हाला सापडणार नाही. काही प्रोसेस असतात, आणि कर्नेल त्यांना वेगळ्या नावांचं जग दाखवतो. त्याला नेमस्पेस म्हणतात. किती मेमरी, किती प्रोसेसर वापरायचा याची मोजदाद ठेवतो, ते सी-ग्रुप. (सी-ग्रुपचं पहिलं नाव ‘प्रोसेस कंटेनर्स’ होतं. गूगलच्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६मध्ये ते काम सुरू केलं. पण ‘कंटेनर’ शब्दाचे अर्थ फार झाले म्हणून नाव बदललं गेलं आणि जानेवारी २००८च्या २.६.२४ कर्नेलमध्ये ते ‘कंट्रोल ग्रुप्स’ म्हणून आलं.) तेव्हा कंटेनर हलवणं म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या प्रोसेस हलवणं. आणि प्रोसेसची निम्मी गृहस्थी तिच्या स्वतःच्या मेमरीत नसतेच, ती कर्नेलच्या वह्यांत असते. कोणती फाइल उघडी आहे, कुठपर्यंत वाचलीय, कोणत्या सॉकेटवर कोण बोलतंय, आपली मुलं कोण, आपला क्रमांक काय. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं; प्रोसेसचं बिऱ्हाड यजमानाच्या घरभर पसरलेलं असतं.

ही अडचण पहिल्यांदा नीट दिसली ती १९८०च्या दशकात, विद्यापीठांत. तेव्हा प्रत्येक संशोधकाच्या टेबलावर स्वतंत्र वर्कस्टेशन यायला लागलं होतं, आणि त्यातली निम्मी मशीन कुठल्याही वेळी रिकामी बसलेली. शेजारचा चहाला गेलाय तोवर आपलं काम त्याच्या मशीनवर का चालवू नये? १९८३मध्ये पॉवेल आणि मिलर यांनी डेमॉस/एमपी या सिस्टिममध्ये चालती प्रोसेस हलवून दाखवली. प्रोसेस निघून गेली की जुन्या मशीनवर ते तिचा नवा पत्ता ठेवून देत, मागून आलेले निरोप त्या पत्त्यावर पुढं जात. पोस्टमनला नवा पत्ता सांगून जातो, तसंच. यातली मेख लगेच लक्षात येईल : जुनं घर पाडायची सोय राहत नाही. कुणी तरी तिथं बसून टपाल पुढं पाठवत राहिलं पाहिजे.

या मागं राहिलेल्या धाग्यांना संशोधकांनी नाव दिलं, ‘रेसिड्युअल डिपेंडन्सी’. आपण ‘उरलेली बांधिलकी’ म्हणू. बर्कलीत जॉन औस्टरहौट यांच्या गटानं स्प्राइट नावाची सिस्टिम केली. तिथं प्रोसेस कुठंही गेली तरी तिचं एक ‘मूळ घर’ असे. काही कामं अशी होती की त्यांसाठी दर वेळी मूळ घराला विचारायचं. ते मशीन बंद पडलं की सासरी गेलेली प्रोसेसही गारद. पण स्प्राइटचा आम्हाला आवडणारा भाग वेगळा आहे. रिकाम्या मशीनचा मालक चहा पिऊन परत आला, कीबोर्डला हात लावला, की पाहुण्या प्रोसेसला तिथून निघावं लागे. मालकाला अडचण होता कामा नये. मात्र पाहुण्याला ठार न मारता बाहेर काढायचं होतं, म्हणून तर चालत्या प्रोसेसचं स्थलांतर लागत होतं. हा प्रसंग लक्षात ठेवा, तीस वर्षांनी तो पुन्हा येणार आहे.

स्टॅनफर्डच्या व्ही-सिस्टिममध्ये १९८५ साली अजून एक युक्ती निघाली, ती आजतागायत वापरात आहे. मेमरी मोठी, नेटवर्क हळू. सगळी मेमरी पाठवेपर्यंत प्रोसेस गोठवून ठेवली तर फार वेळ जातो. म्हणून प्रोसेस चालू असतानाच मेमरीची एक प्रत पाठवायची. तोवर काही पानं बदलली असतील, तेवढीच पुन्हा. पुन्हा बदलली, पुन्हा तेवढीच. दर फेरीला गठ्ठा लहान होत जातो, आणि शेवटच्या लहान गठ्ठ्यापुरतंच थांबायचं. याला प्री-कॉपी म्हणतात.

विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कॉन्डॉरनं १९८८मध्ये व्यवहारी वाट धरली : सगळं नको, जे जमतं तेवढंच. लांबलचक गणितं चालवणाऱ्या एकट्या प्रोसेसची स्थिती फाइलमध्ये जपायची आणि दुसरीकडं उठवायची. अट एवढीच की प्रोसेसनं मुलं जन्माला घालायची नाहीत आणि इतर प्रोसेसशी बोलायचं नाही. संन्याशाला घर बदलणं सोपं असतं! शास्त्रज्ञांच्या पुष्कळ गणितांना ही अट चालत होती, म्हणून कॉन्डॉर टिकला.

बाकीचे प्रकल्प मात्र विद्यापीठांच्या बाहेर फारसे पडले नाहीत. २००० साली या सगळ्या कामाचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. इतकी वर्षं इतकं काम होऊनही हे कुणी वापरत का नाही, हा प्रश्न त्या अभ्यासकांनाही पडला होता. आमच्या मते उत्तर सोपं आहे. कर्नेलच्या कानाकोपऱ्यात हात घालावा लागे, आणि फायदा होई तो क्वचित कधीतरी.

२००२मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या जेसन नीह यांच्या गटानं झॅप नावाचं काम मांडलं आणि तिथं विचारानं वळण घेतलं. आधीचे सगळे विचारत होते, की तुटलेले धागे प्रवासानंतर कसे जोडायचे. झॅपनं विचारलं, की धागे बाहेर जाऊच नयेत अशी सोय प्रवासाआधीच का करू नये? एकमेकांत गुंतलेल्या प्रोसेसचा एक गट करायचा. त्याला त्यांनी ‘पॉड’ म्हटलं. त्या गटाला पहिल्या दिवसापासून स्वतःची खासगी नावं द्यायची. आत प्रोसेसचा क्रमांक ५, बाहेर खरा क्रमांक ४८१३ असेल नाहीतर ९०२२. आतल्यांना ५च माहीत. नव्या मशीनवर बाहेरचा क्रमांक बदलला तरी आत कुणाला पत्ता लागत नाही. आज आपण ज्याला कंटेनर म्हणतो त्याचा गाभा हाच. म्हणजे कंटेनर ही कल्पना आज आपण जशी ओळखतो, ‘एका मशीनवर अनेक जणांना वेगळं ठेवण्याची सोय’ म्हणून, तो तिचा एक जन्म. तिचा दुसरा जन्म स्थलांतराच्या पोटी झाला, आणि तो बहुतेकांना माहीत नसतो.

दरम्यान व्यापारी जगानं वेगळाच मार्ग काढला : घर हलवण्यापेक्षा प्लॉटसकट हलवा. व्हर्च्युअल मशीनमध्ये कर्नेलही आतच असतो, त्याच्या वह्याही आत. त्यामुळं धागे तुटायचा प्रश्न जवळजवळ मिटतो. मेमरीचा एक मोठा ठोकळा उचलायचा, बस्स. २००३मध्ये व्हीएमवेअरनं व्हीमोशन आणलं. २००५मध्ये झेनवर काम करणाऱ्यांनी प्रबंध वाचला. त्यात क्वेक ३ या खेळाचा सर्व्हर खेळ चालू असताना हलवला आणि थांबा पडला तो सुमारे ६० मिलिसेकंदांचा. खेळणाऱ्यांना कळण्यासारखा नव्हताच. यात खर्च एवढाच की प्रत्येक लहान कामासाठी एक पूर्ण कर्नेल उरावर घ्यायचा.

कंटेनरवाल्यांना तो खर्च नको होता. एसडब्ल्यूसॉफ्ट नावाची कंपनी एकाच कर्नेलवर अनेक ग्राहकांचे सर्व्हर चालवण्याचं उत्पादन विकत होती. २००५मध्ये तिनं त्याचा गाभा ओपनव्हीझेड म्हणून खुला केला, आणि २००६मध्ये त्यात चालते कंटेनर हलवायची सोय आली. एक कमांड दिली की कंटेनर इथून तिथं. वेबसाइट होस्ट करणाऱ्या कंपन्यांनी ती धडाक्यानं वापरली. म्हणजे प्रश्न सुटला होता की! सुटला होता, पण ओपनव्हीझेडच्या स्वतःच्या, ठिगळं लावलेल्या कर्नेलमध्ये. मुख्य लिनक्स कर्नेल पुढं धावत होता आणि प्रत्येक नव्या आवृत्तीला ही ठिगळं पुन्हा शिवावी लागत होती. म्हणून ओपनव्हीझेडचे, आयबीएमचे लोक आणि एरिक बायडरमन अशांनी मिळून नेमस्पेस मुख्य कर्नेलमध्ये एकेक करून आणायला सुरुवात केली. २००२मध्ये माउंट नेमस्पेस आला होता. प्रोसेस क्रमांकांचा २००८च्या सुरुवातीला. आणि युझर नेमस्पेस पूर्ण व्हायला २०१३ उजाडलं.

नावं वेगळी झाली. आता प्रत्यक्ष हलवण्याचा भाग उरला. नीह यांच्याच गटातले ओरेन लादान यांनी २००८पासून तो मुख्य कर्नेलमध्ये आणायचा प्रयत्न केला. पद्धत सरळ होती : कर्नेललाच माहीत असतं प्रोसेसचं काय काय कुठं आहे, तर कर्नेलनंच ते सगळं लिहून काढावं. ठिगळं शंभराच्या घरात गेली. मेमरी, फाइली, नेटवर्क, सिग्नल, प्रत्येक विभागात थोडं थोडं. आणि विभाग सांभाळणाऱ्यांचा सवाल असा की उद्या आम्ही आमच्या विभागात एक ओळ बदलली तर हे स्थलांतराचं यंत्र मोडणार. ते दुरुस्त करणं आमच्या बोकांडी का? २०१०च्या अखेरीस मोठी चर्चा झाली आणि ते काम बाहेरच राहिलं. आम्हाला या निर्णयाबद्दल नेहमी दुहेरी वाटतं. सांभाळणाऱ्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण तीनेक वर्षांचं नेटकं काम असं दाराबाहेर राहतं, तेव्हा करणाऱ्याचं काय होत असेल?

२०११मध्ये ओपनव्हीझेडच्याच पावेल एमेल्यानोव्ह यांनी गाडी उलटी फिरवली. कर्नेलमध्ये करू देत नाहीत ना, मग बाहेरून करू. कर्नेल तसाही प्रोसेसबद्दल पुष्कळ माहिती ‘प्रॉक’ नावाच्या खिडकीतून उघड दाखवतो. ती वाचायची. जे दिसत नाही तेवढ्यापुरती कर्नेलकडं लहानशी नवी खिडकी मागायची. प्रकल्पाचं नाव क्रियू, म्हणजे ‘चेकपॉइंट-रिस्टोअर इन युझरस्पेस’. जानेवारी २०१२मध्ये अँड्र्यू मॉर्टन यांनी पहिली ठिगळं कर्नेलमध्ये पुढं पाठवली, तेव्हा त्यांनी जोडलेली टीप प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी या मंडळींना वेडे रशियन म्हटलं, हे सगळं शेवटी चालेल याबद्दल करणाऱ्यांइतकी खात्री मला नाही असंही कबूल केलं, आणि एक अट घातली : तुमच्या कोडचा प्रत्येक तुकडा एका ठरावीक खुणेच्या आत ठेवा, म्हणजे प्रकल्प फसला तर शोधून शोधून सगळा उपटून टाकता येईल. पाहुण्याला खोली दिली, पण सामान एकाच कोपऱ्यात ठेवा म्हणून सांगितलं.

क्रियू जे करतो ते सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. आधी कंटेनरमधल्या सगळ्या प्रोसेस गोठवायच्या. मग ‘पीट्रेस’ या डीबगरच्या हत्यारानं प्रत्येक प्रोसेसमध्ये कोडचा एक तुकडा घुसवायचा. त्याचं अधिकृत नावच ‘पॅरासाइट’ आहे. मराठीत आपण बांडगूळ म्हणू. हे बांडगूळ यजमानाच्या आत बसून, यजमानाच्याच अधिकारानं, मेमरी बाहेर ओतून देतं, आणि काम झालं की त्याला पुसून टाकतात. प्रोसेसला काही झाल्याचं कळतही नाही.

खरी कसरत उलट बाजूला. नव्या मशीनवर क्रियू स्वतःच मुलं जन्माला घालतो आणि ती मुलं हळूहळू जुन्या प्रोसेसचं रूप घेतात. जुनीचा क्रमांक ५ होता तर नवीचाही ५ हवा. त्यासाठी कर्नेलकडून एक खिडकी मिळवली : शेवटचा दिलेला क्रमांक ४ असं लिहून ठेवायचं आणि लगेच जन्म द्यायचा. मध्येच दुसऱ्या कुणी ५ पटकावला तर मुसळ केरात. हा क्रमांक थेट मागून घ्यायची सोय जानेवारी २०२०च्या ५.५ कर्नेलमध्ये आली. मग शेवटी त्या मुलाला आपली क्रियूची मेमरी टाकून जुन्या प्रोसेसची मेमरी अंगावर चढवायची असते. म्हणजे ज्या फांदीवर बसलोय तीच कापायची. त्यासाठी जुन्या आणि नव्या दोन्ही नकाशांत रिकामी असलेली एखादी फट शोधून तिथं एक छोटा तुकडा ठेवतात आणि शेवटची कापाकापी तो करतो.

आणि टीसीपी कनेक्शन? पलीकडचा माणूस तर बोलतोच आहे, त्याला काही माहीत नाही. २०१२च्या ३.५ कर्नेलमध्ये ‘टीसीपी रिपेअर’ आलं. सॉकेट या अवस्थेत टाकलं की पलीकडं ‘निघतो’ न म्हणता ते बंद करता येतं, आणि नव्या ठिकाणी पलीकडं ‘नमस्कार’ न म्हणता, जुने अनुक्रमांक भरून, संभाषण मध्यापासून सुरू करता येतं. मधल्या काळात पलीकडून आलेली पाकिटं गुपचूप टाकून द्यायची; नाहीतर कर्नेल प्रामाणिकपणे ‘इथं असं कुणी राहत नाही’ म्हणून कळवतो आणि कनेक्शन तुटतं. अर्थात आयपी पत्ता तोच राहिला पाहिजे, ती जबाबदारी तुमची.

क्रियूची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०१३मध्ये आली. त्याच वर्षी मार्चमध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पायकॉन परिषदेतल्या पाच मिनिटांच्या भाषणात डॉकर दाखवलं होतं. जग त्यांच्या मागं गेलं. डॉकरचं म्हणणं, चालता कंटेनर हलवताच कशाला? मारून टाका. इमेज आहे ना, नव्या मशीनवर खेचा आणि दुसरा उठवा. जपण्यासारखं जे असेल ते कंटेनरच्या बाहेर, डेटाबेसमध्ये किंवा व्हॉल्यूममध्ये ठेवा. (यात नव्यांची हमखास फसगत होते : ‘डॉकर सेव्ह’ इमेज बांधतं, ‘डॉकर एक्स्पोर्ट’ कंटेनरच्या फाइली बांधतं, व्हॉल्यूम दोन्हीत येत नाही. डेटा मागंच राहतो.) हे उत्तर हुशार आहे, आम्ही स्वतः रोज तेच वापरतो. पण प्रश्न सुटला असं त्याला म्हणू नये. प्रश्न प्रोग्राम लिहिणाऱ्याकडं सरकवला. कधीही मरण येईल हे धरून प्रोग्राम लिहायचा. नवं लिहिणाऱ्याला ते जमतं. पंधरा वर्षांपूर्वीचा प्रोग्राम, ज्याचा लिहिणारा सोडून गेलाय, त्याला कोण सांगणार?

क्रियूवाल्यांनी मात्र काम सोडलं नाही. २०१५च्या मे महिन्यात कॅनॉनिकलनं एलएक्सडीवर डूम हा खेळ चालू कंटेनरसकट हलवून दाखवला. पुढच्याच महिन्यात डॉकरच्या परिषदेत क्वेक. दहा वर्षांपूर्वी झेनवाल्यांनीही क्वेकच घेतला होता. या क्षेत्रात पुराव्याला नेहमी खेळच लागतो, कारण खेळणाऱ्याला थांबा लगेच बोचतो. त्याच वर्षी ४.३ कर्नेलमध्ये ‘युझर-फॉल्ट-एफडी’ आलं, त्यातून उलटी युक्ती शक्य झाली : आधी माणूस नव्या घरी पोचवायचा, सामान त्याला लागेल तसं मागून आणायचं.

पण खरा मोठा वापर समोर आला तो २०१८मध्ये. लिनक्स प्लंबर्स परिषदेत गूगलच्या अभियंत्यांनी सांगितलं, की आमच्या बोर्ग या यंत्रणेत आम्ही क्रियूनं कामं हलवतो. कशासाठी? कमी महत्त्वाची कामं मोकळ्या मशीनवर चालू असतात. महत्त्वाचं काम आलं की त्यांना हुसकावं लागतं. मारलं तर तोवरचं गणित वाया जातं. म्हणून उचलून दुसरीकडं. मघाशी लक्षात ठेवा म्हटलं होतं, ते हेच. स्प्राइटमधला मालक चहा पिऊन परत आला.

धागेही अजून सापडतच आहेत. मशीन सुरू झाल्यापासून किती वेळ झाला हे सांगणारं घड्याळ प्रत्येक मशीनचं वेगळं; वर्षभर चालू असलेल्या मशीनवरून काल सुरू केलेल्या मशीनवर गेलात तर घड्याळ एकदम वर्षभर मागं. म्हणून २०२०मध्ये वेळेचा स्वतंत्र नेमस्पेस आणावा लागला. प्रोसेसरचं तसंच : प्रोग्राम सुरू होताना ‘हा प्रोसेसर अमुक नव्या सूचना जाणतो’ असं टिपून ठेवतो, आणि जुन्या प्रोसेसरवर नेला की त्या सूचनेपाशी कोसळतो. आणि एक गोष्ट जी आम्हाला सगळ्यात गंभीर वाटते : चालता कंटेनर फाइलमध्ये उतरवला की त्याच्या मेमरीतलं सगळं त्या फाइलमध्ये उतरतं. पासवर्ड, किल्ल्या, कुणाचा तरी उघडा अर्ज. ऑगस्ट २०२२च्या कुबरनेटीज १.२५मध्ये चेकपॉइंटची सोय आली तीच मुळी तपासासाठी, संशयित कंटेनरला कळू न देता त्याची प्रत काढायला. तपास करणाऱ्याला ही प्रत हवी असते, आणि चोरालाही. २०२४मध्ये एनव्हिडियानं ग्राफिक्स कार्डावर चाललेल्या कामाची स्थिती उतरवण्याचं साधन दिलं, कारण आता आठवडेच्या आठवडे चालणारी गणितं तिथं आहेत.

वेळ संपत आलाय, एक प्रश्न आलाय तो घेतो. एक ताई विचारताहेत, ‘उद्या मला खरंच एक एलएक्ससी कंटेनर दुसऱ्या सर्व्हरवर न्यायचाय. हे सगळं ऐकून क्रियू वापरू का?’

ताई, नका वापरू. एलएक्सडीची स्वतःची माहितीपुस्तिकासुद्धा सांगते, की चालतं स्थलांतर अगदी साध्या कंटेनरांनाच जमतं, ज्यांत सिस्टिमडी नाही आणि नेटवर्कची जोडणी नाही. तुमच्यात दोन्ही असणार. तुम्ही रात्री कंटेनर थांबवा. टार करताना आणि सोडताना, दोन्ही वेळा ‘--न्यूमेरिक-ओनर’ द्या. नव्या मशीनवर नेटवर्कच्या ब्रिजचं नाव वेगळं असेल तर कंटेनरच्या सेटिंगमध्ये बदला. दोन्हीकडं एकदम सुरू करू नका, आयपी आणि मॅक पत्ता तोच असल्यानं दोघं भांडतील. आणि जुन्या मशीनवरची प्रत निदान आठवडाभर पुसू नका. आमचा तो हिशेबाचा डेटाबेस दुसऱ्या दिवशी उठला, तो जुनी प्रत शाबूत होती म्हणून.